विचारपूस कुठे संपते आणि भोचकपणा कुठे सुरू होतो?

शर्वरी

पगार किती, मूल का नाही, वेगळे का झालात, तब्येत इतकी का उतरली. असल्या प्रश्नांचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, "अगं, आपुलकीनेच विचारलं." आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणूनच हा धागा काढतेय. हेतू चांगला होता की वाईट, एवढ्यावरून याचा निवाडा होत नाही असं माझं ठाम मत आहे.

विषय खाजगी म्हणजे प्रश्न भोचक, हेही मला पटत नाही. मी नोकरी सोडली तेव्हा एका मैत्रिणीने सरळ विचारलं, "पैशांची अडचण आहे का?" याहून खाजगी काय असणार? पण मला बरं वाटलं. मी म्हटलं, "आत्ता नको बोलायला." तिने विषय सोडला. सोडताना तिचा चेहरा पडला नाही आणि पुढच्या भेटीत वागण्यात फरकही पडला नाही. त्याच सुमारास ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, "सोडलीस की सोडायला लावली?" मी हसून टाळलं. मग, "साहेबांशी काही झालं होतं का?" मग, "आमच्या ह्यांच्या ओळखीचे आहेत तिथे, ते काही वेगळंच म्हणत होते." तीन वेळा विचारलेला एकच प्रश्न. मी काहीही सांगितलं नाही, तरी "तिचं साहेबांशी बिनसलं" हे थोड्याच दिवसांत मला तिसऱ्याच माणसाकडून ऐकायला मिळालं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बघते. उत्तर द्यायचं नाकारलं तर मला त्याची किंमत मोजावी लागते का? आणि दिलेलं उत्तर पुढे कुठे जातं? या दोन्हींचा प्रश्नाच्या शब्दांशी फारसा संबंध नाही. तोच प्रश्न, तेच शब्द, एकाच्या तोंडून विचारपूस असते आणि दुसऱ्याच्या तोंडून उलटतपासणी.

मानसशास्त्रातही अशी फोड केलेली दिसते. टॉड काशदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुतूहल मोजायची एक प्रश्नावली केली आहे. २०२० साली तिची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा माणसांविषयीच्या कुतूहलाचे त्यांनी दोन वेगळे भाग पाडले. एक उघड: समोरच्याला काय वाटतं हे त्यालाच विचारून, ऐकून जाणून घेणं. दुसरं छुपं: आडून, कान देऊन, त्याच्या नकळत काढून घेणं. दोन्ही कुतूहलच, पण मोजायचं तर वेगवेगळं मोजावं लागतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण दोन्हींना "स्वभावच आहे तिचा" म्हणून एकाच खात्यात टाकतो.

तुम्हा सगळ्यांचं मत ऐकायला आवडेल, विशेषतः ज्यांना कामाचा भाग म्हणून खाजगी प्रश्न विचारावे लागतात त्यांचं.

दिगंत

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर थोडा विरोध. उघड आणि छुपं ही वागण्याची फोड झाली. आतली ओढ एकच आहे, आणि ती चांगलं-वाईट जाणत नाही.

जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची जी मांडणी केली तिचा गाभा असा: आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावंसं वाटतं, त्यांतली फट दिसली की ती टोचायला लागते. अजिबात माहिती नसेल तर टोचत नाही, अर्धवट असेल तर फार टोचते. "ते दोघं हल्ली एकत्र दिसत नाहीत" एवढंच कळलेल्या माणसाची झोप उडते ती यामुळे. शेजाऱ्यांबद्दल ज्याला काहीच माहीत नाही तो निवांत असतो.

ही ओढ फायदा-तोटाही बघत नाही. शी आणि रुआन यांचा २०१६चा एक प्रयोग आहे. काही पेनांचं बटण दाबलं की विजेचा सौम्य झटका बसतो, काहींना बसत नाही. कोणतं पेन कसलं हे आधीच सांगितलेल्या लोकांनी कमी पेनं दाबली. ज्यांना ते सांगितलं नव्हतं, त्यांनी जास्त दाबली. झटका बसेल हे माहीत असून! केवळ "नक्की काय आहे" हे कळावं म्हणून माणूस स्वतःला इजा करून घ्यायला तयार होतो, तर दुसऱ्याला होणारा त्रास त्याच्या लक्षात कसा येईल?

म्हणून म्हणतो, भोचक माणूस दुष्ट असतो असं धरून चालू नये. त्याला ती टोचणी सहन करायची सवय नसते, इतकंच.

मेधाताई

शर्वरी, तू कामाचं विचारलंस म्हणून लिहिते. मी रुग्णालयात परिचारिका आहे. ज्या माणसाचं नावही मला पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं त्याला मी विचारते, शौचाला कधी झाली, दारू किती घेता, पाळी शेवटची कधी आली, घरी कोणी मारहाण करतं का. याहून आतले प्रश्न नाहीत. पण क्वचितच कोणी रागावतं. कारण तो प्रश्न का आहे हे दोघांनाही कळतं, आणि उत्तर केसपेपरवर जाऊन उपचार करणाऱ्यांपाशीच थांबणार याची खात्री असते. डॉक्टरांच्या प्राचीन ग्रीक शपथेतही रुग्णाबद्दल जे कळेल ते बाहेर बोलणार नाही असं वचन आहे. लोक कपडे काढून उभे राहतात ते या विश्वासावर.

आता त्याच वॉर्डात भेटीच्या वेळी काय चालतं ते सांगते. एक पाहुणा येतो, रुग्णाशी दोन शब्द बोलतो, आणि बोलता बोलता त्याचा हात खाटेच्या पायथ्याला अडकवलेल्या पॅडकडे जातो. पान उलटतो. वाचून फारसं कळत नाही, म्हणून मग बाहेर येऊन मला गाठतो, "सिस्टर, खरं काय आहे? आमच्यापासून लपवताहेत का?" मी म्हणते, "तुम्ही त्यांनाच विचारा." हे ऐकून निम्म्या लोकांचा चेहरा उतरतो. त्यांना रुग्णाकडून नव्हे, रुग्णाला वगळून हवं असतं.

आणि हे फक्त पाहुणेच करतात असं नाही. नोंदी संगणकावर गेल्यापासून कर्मचाऱ्यांनाही मोह होतो. ओळखीचं कोणी दाखल झालं की आपला त्या उपचारांशी संबंध नसताना नोंद उघडून बघायची. म्हणूनच कोणी कोणती नोंद कधी उघडली याची नोंद ठेवणारी व्यवस्था असते, आणि ती असायलाच हवी. तीच व्यक्ती, तीच माहिती. पण ड्यूटीवरच्या परिचारिकेने उघडली तर काम, आणि दुसऱ्या विभागातल्या परिचारिकेने उघडली तर घुसखोरी. हेलन निसेनबाम यांनी २००४ साली खाजगीपणाबद्दल हेच मांडलं. माहिती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाच्या रिवाजाप्रमाणेच ती पुढे जायला हवी. माहिती गुप्त आहे की उघड, एवढ्यापुरता हा प्रश्न नसतो.

कौस्तुभ_ल

मेधाताईंना अनुमोदन. "रुग्णाला वगळून हवं असतं" हे अगदी नेमकं.

संथ

बराच वेळ लिहावं की नाही या विचारात होतो.

माझा एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. अर्ध्या विजारीत बाहेर पडलो की प्रश्न येतात. सगळ्यात आधी लहान मुलं विचारतात. "हा काढता येतो?" "आत काय आहे?" "पोहताना काढता का?" मी खाली बसून दाखवतो. हे सॉकेट, यात पायाचा उरलेला भाग बसतो. आत हा मऊ लायनर. दिवसभरात पायाचा तो भाग थोडा आक्रसतो, सॉकेट सैल होतं, म्हणून पिशवीत जाड मोजे ठेवतो आणि दुपारी एक मोजा वर चढवतो. मुलं मोजा हातात घेऊन बघतात, "ओके" म्हणतात आणि पळतात. त्यांची आई मात्र शरमेने लाल झालेली असते आणि मुलाला "असं विचारू नये" म्हणून दटावत असते. मला दर वेळी वाटतं, त्याला दटावू नका हो.

मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो. "कसं झालं?" मी म्हणतो, अपघात. तिथे थांबावं ना? नाही. "गाडी कोण चालवत होतं?" "हेल्मेट होतं का?" "रात्रीची वेळ होती का?" या प्रश्नांची दिशा बघा. मुलाला पायाबद्दल जाणून घ्यायचं असतं. मोठ्या माणसाला चूक कोणाची ते हवं असतं, आणि ती माझी निघाली तर त्याला हायसं वाटतं. मला हे आधी नुसतं जाणवायचं, नंतर मेल्विन लर्नर यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा उलगडलं. जग न्याय्य आहे, ज्याचं त्याला मिळतं, असं मानायची माणसाला गरज असते. म्हणून संकटात सापडलेल्याचंच काहीतरी चुकलं असेल असं तो शोधत राहतो. तसं सापडलं की "मी तसं करत नाही, म्हणजे माझं असं होणार नाही" असा दिलासा मिळतो.

शर्वरी, तुमच्या दोन गोष्टींत मी तिसरी घालेन. उत्तर कोणाच्या उपयोगाचं आहे? मुलाला उत्तर दिल्यावर जगातली एक वस्तू त्याला समजते. हेल्मेटवाल्याला उत्तर दिलं की माझा अपघात त्याच्या धीरासाठी वापरला जातो. मला काय मिळतं? ती रात्र पुन्हा.

रेवा

संथ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. वाचून गप्प झाले.

सुखदा

+१ रेवा.

रानवारा

सगळं पटतंय, आणि तरी मला या धाग्याची थोडी भीती वाटतेय. कारण हे वाचून सभ्य माणसं गप्प बसतील, आणि भोचक माणसं वाचणारच नाहीत.

माझा भाऊ गेला त्यानंतरचे महिने मी फार एकटा होतो. माझ्या आसपासची सगळी माणसं सुसंस्कृत. कोणी काही विचारलं नाही. मी खोलीत आलो की बोलणं बदलायचं, कोणाचा भाऊ असा शब्द आला की माझ्याकडे चोरून बघायचे. "त्याला त्रास नको" हा विचार त्यामागे होता हे मला कळत होतं. पण मला त्याचं नाव घ्यायचं होतं हो! तो कसा हसायचा, शेवटी काय म्हणाला, हे कोणीतरी विचारावं म्हणून मी आतून तडफडत होतो. शेवटी विचारलं ते कार्यालयात नव्याने आलेल्या एका मुलीने. "तुमचा भाऊ कसा होता?" इतकंच. मी तासभर बोललो.

हार्ट, व्हॅनएप्स आणि श्वाइत्झर यांचं २०२१चं संशोधन आहे. संवेदनशील प्रश्न विचारला तर समोरचा दुखावेल, आपल्याबद्दल वाईट मत करेल, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती भीती होती त्याहून बरीच कमी खरी ठरली. म्हणजे आपण गप्प बसतो ते पुष्कळदा नसत्या भीतीने. खाजगीपणाचा मान राखायच्या नावाखाली माणसांना एकटं टाकू नका, एवढीच विनंती.

शर्वरी

रानवारा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उत्तर देववेना. तुमचं म्हणणं मान्य. न विचारणं म्हणजे आपोआप चांगुलपणा नाही, हे धाग्यात आधीच यायला हवं होतं.

पण त्या मुलीचा प्रश्न नीट बघा. "तुमचा भाऊ कसा होता?" "कशाने गेला?" असं तिने विचारलं नाही. तिचा प्रश्न त्याच्या आयुष्याबद्दल होता, म्हणून तुम्हाला हवं ते आणि हवं तेवढं सांगता आलं. "चांगला होता" एवढं म्हणून थांबलात असतात तरी चाललं असतं. "कशाने गेला?" याला एकच उत्तर असतं, आणि ते दिलं नाही तर लपवल्यासारखं होतं. संथ यांना विचारलेल्या हेल्मेटच्या प्रश्नाचंही तेच. हो किंवा नाही, आणि दोन्ही बाजूंनी माणूस अडकतो.

त्या संशोधनाबद्दल: भीती फुगवलेली असते हे मी मानते. पण तिथे दोन माणसं एकमेकांशी बोलत होती. गावभर चर्चा व्हायचा, तेच उत्तर पुढे तिखटमीठ लावून फिरायचा मुद्दा तिथे नव्हता. माझी मुख्य तक्रार त्याचीच आहे.

आणखी एक. कॅरन ह्वांग आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासात असं दिसलं की जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, आणि त्यात मोठा वाटा असतो तो मागच्या उत्तरातून निघालेल्या प्रश्नांचा. हे मला फार खरं वाटतं. तुम्ही म्हणालात "हसरा होता", त्यावर "कशाने हसायचा?" असं कोणी विचारलं तर त्याने ऐकलंय हे कळतं. भोचक माणसाचा पुढचा प्रश्न तुमच्या उत्तरातून येत नाही. तो घरून ठरवून आणलेला असतो, म्हणून तुम्ही काहीही म्हणालात तरी तोच येतो.

अश्वत्थ

विषय थोडा वेगळा, पण जवळचा. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिचा फोन बघावा की नाही यावरून आमच्या घरात सतत वाद चालतात. बायकोचं म्हणणं, आईवडिलांचं लक्ष असणं म्हणजे भोचकपणा नव्हे, जबाबदारी आहे. तिला काही झालं तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणून चालेल का? मला तिचं म्हणणं खोडता येत नाही, पण मुलगी अंघोळीला गेल्यावर तिचा फोन हातात घेणं मला जमत नाही.

दिगंत

अश्वत्थ, या विषयावर हॉकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांचं २००० सालचं काम वाचनीय आहे. स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास. त्याआधी अनेक अभ्यासांत असं म्हटलं जायचं की "लक्ष ठेवणाऱ्या" पालकांची मुलं कमी भरकटतात. या दोघांनी विचारलं, लक्ष ठेवणं म्हणजे नक्की काय मोजलं? तर मोजलं होतं पालकांना मुलाबद्दल किती माहीत आहे ते. आणि ती माहिती आली कुठून हे बघितलं तेव्हा निघालं की ती मुख्यतः मुलांनी आपण होऊन सांगितलेली होती. नियंत्रण ठेवून किंवा खोदून विचारून मिळालेली फार कमी.

पुढे २०१३मध्ये स्काइलर हॉक आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली. आपल्या खाजगी गोष्टींत आईवडील घुसतात असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांच्या आईवडिलांना नंतर मुलांबद्दल कमी माहीत असायला लागलं. कारण मुलं लपवायला लागली. तेव्हा तुमच्या पत्नीची काळजी रास्तच आहे, पण चोरून फोन बघून त्यांना जे हवंय तेच हातातून निसटेल.

मेधाताई

दिगंत यांच्याशी सहमत, पण एक सांगते. जिवाला धोका आहे असं खरोखर वाटत असेल, मूल स्वतःला इजा करतंय, कोणी मोठा माणूस त्याला फशी पाडतोय, तर बघा. आणि बघितलंत हे मुलीला सांगा. चोरून बघून चोरून वागू नका. "मला भीती वाटली म्हणून बघितलं" हे ऐकून ती चिडेल, पण ते चिडणं निस्तरता येतं.

अश्वत्थ

चोरून बघून वर ते लपवायचं, हाच भाग मला सहन होत नव्हता हे आत्ता कळलं. दोघं मिळून तिच्याशी बोलतो.

सुखदा

मला एक व्यवहाराचं विचारायचंय. उत्तर टाळायचं कसं? मला मूल नाही. कारण वैद्यकीय आहे आणि ते मी कोणालाही सांगणं लागत नाही. पण "सध्या विचार नाही" म्हटलं की सल्ले सुरू होतात, आणि "खाजगी आहे" म्हटलं की समोरच्याचा अपमान होतो. खोटं बोलायचं नाहीये.

कौस्तुभ_ल

सुखदा, उलट प्रश्न करून बघा. ब्रॅड बिटरली आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी २०२०मध्ये नेमकं हेच तपासलं. थेट प्रश्नाला सरळ नकार दिला तर समोरच्याचा विश्वास कमी होतो, आणि काहीतरी लपवतायत असं वाटतं. त्याऐवजी प्रश्नाने उत्तर दिलं तर माहितीही जात नाही आणि संबंधही त्या मानाने टिकतात. "तुमची मुलं आता कितवीत आहेत?" हे पुष्कळांना पुरतं. लोकांना स्वतःच्या मुलांबद्दल बोलायला आवडतं.

संथ

कौस्तुभ यांचा उपाय पहिल्या प्रश्नाला चालतो, माझा अनुभव तसाच आहे. दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की मी सरळ म्हणतो, "त्याबद्दल मी बोलत नाही." आवाज साधा ठेवायचा, कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. कारण सांगितलं की ते खोडायला लोक पुढे येतात. अपमान वाटला तर वाटू दे. दोनदा विचारायचं त्यांनी ठरवलं होतं, तुम्ही नाही.

सुखदा

"कारण सांगितलं की ते खोडायला लोक पुढे येतात". इतकी वर्षं माझं हेच होत आलंय. दोघांचे मनापासून आभार.

रेवा

माझाही एक प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. आमच्या विभागातली एक सहकारी मोठ्या रजेनंतर सोमवारी परत येतेय. आजारपण होतं एवढंच अधिकृतपणे ठाऊक आहे, बाकी कुजबुज. माझी तिच्याशी बरी ओळख आहे, जिवलग मैत्री नाही. रानवारा यांचं वाचल्यावर काहीच न बोलणं चुकीचं वाटतं, आणि संथ यांचं वाचल्यावर विचारायची भीती वाटते.

रानवारा

रेवा, "तू आलीस, बरं वाटलं" हे सगळ्यांत आधी. यात प्रश्नच नाही, त्यामुळे तिला उत्तर द्यायचं ओझं नाही. नंतर कधी दोघीच असाल तेव्हा म्हणा, "बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी काही बिघडत नाही." आणि खरोखर बिघडू देऊ नका. तिने पुढे महिनाभर काही सांगितलं नाही तरी रोजच्यासारखं वागा.

मेधाताई

आणि चारचौघांत "आता कशी आहेस?" असं सहानुभूतीच्या आवाजात नको. टेबलाभोवती सगळे माना वर करून बघतात, आणि तिला सर्वांसमोर एक प्रकृतिपत्रक वाचून दाखवावं लागतं. दीर्घ आजारातून कामावर परतलेले रुग्ण तपासणीला येतात तेव्हा याबद्दल फार बोलतात. कामाचं विचारा. ती नसताना काय बदललं ते सांगा, तिच्याकडचं कुठलं काम कोणाकडे गेलं ते सांगा. तिला कसली मदत लागेल का हे विचारायचं तर नेमकं विचारा: "दुपारची बैठक लांबते, तुला मधे उठायचं असेल तर मी सांभाळेन." यातून तिला सोय मिळते आणि आजाराचं नावही घ्यावं लागत नाही.

रेवा

हे जमेल. आणि तिने मला काही सांगितलं, मग बाकीचे मला विचारायला लागले तर? ते विचारणारच.

शर्वरी

सँड्रा पेट्रोनिओ यांच्या मांडणीत याला फार चांगलं उत्तर आहे. कोणी आपलं गुपित सांगितलं की त्याची मालकी दोघांची होते, पण ते पुढे कोणाला सांगायचं हा नियम मूळ माणसाच्या संमतीनेच ठरायला हवा. गोंधळ होतो तो हा नियम कोणी बोलूनच दाखवत नाही म्हणून. तेव्हा ती काही बोलली तर तिलाच तिथल्या तिथे विचार, "हे इतरांनी विचारलं तर मी काय सांगू?" काहींना वाटतं, निदान एकाने सगळ्यांना सांगून टाकावं म्हणजे आपली सुटका. काहींना एक अक्षर बाहेर जायला नको असतं. आपण अंदाज बांधायचा नाही.

आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत कोणी विचारलं तर, "तिलाच विचारा." मेधाताई वॉर्डाबाहेर म्हणतात तेच. नुसतं "मला माहीत नाही" म्हणू नकोस. तुला माहीत आहे हे लोकांना कळतं, मग तुझ्यामागे लागतात.